आमची वाटचाल : गाण्याचा क्लास, पण गाणं शिकवत नाही

नाशिकमध्ये गाण्याचा क्लास शोधत फिरावं लागत नाही. गंगापूर रोडला तर एकेका सोसायटीत दोन-दोन सापडतील. तबला, हार्मोनियम, कथक, गिटार, कीबोर्ड, सगळं आहे. आमच्याकडे यातलं काहीच शिकवत नाहीत. आमच्याकडे मुलं वही-पेन्सिल घेऊन येतात आणि बरीचशी तोंड वाकडं करूनच येतात. संगीताच्या परीक्षेतला लेखी पेपर, ज्याला मुलं 'शास्त्र' म्हणतात आणि पालक 'थिअरी', तेवढाच आमचा विषय. सुरुवातीला सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून गाण्याचा क्लास घेते, पण गाणं शिकवत नाही." ऐकणारीला वाटायचं, टोमणा मारतायत. त्या बिचाऱ्या फक्त माहिती देत होत्या.

याचं मूळ माझ्याच एका पेपरात आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मी शाळेत असल्यापासून दिल्या. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम इथपर्यंत गायचं आणि विचारलेलं तोंडी सांगायचं, एवढंच. प्रवेशिका पूर्णला लेखी सुरू झालं, तेव्हा गुरुजींनी एक जुनी वही हातात दिली आणि "पाठ कर" म्हणाले. केली. पुढे मध्यमा परीक्षेला बंदिश स्वरलिपीत लिहायची वेळ आली. वही होती पलुस्कर पद्धतीची आणि घरातलं पुस्तक भातखंडे पद्धतीचं. स्वर लिहायच्या या दोन पद्धती दोन वेगळ्या संगीतकारांच्या. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं की तार सप्तक, म्हणजे वरचे स्वर. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं तेच टिंब म्हणजे मंद्र, खालचे स्वर, आणि तारला उभी रेघ. मी अस्थाई, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, एका पद्धतीत लिहिली आणि अंतरा दुसरीत. तार षड्जाला, वरच्या 'सा'ला, भिडणारा अंतरा माझ्या कागदावर पार मंद्रात बुडाला. प्रात्यक्षिकात उत्तम गुण, लेखीत जेमतेम काठावर. गुरुजी हसून म्हणाले, "गातेस तर नीट ना?" त्यांच्या लेखी विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तो राहिला.

पुढे विशारद झाले, लग्न झालं, सातपूरला एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळायला लागले. गाणं रविवारपुरतं उरलं. आमचा वाडा भांडी बाजाराच्या अंगाला आणि मागच्या आळीत तबल्याचे एक सर राहायचे. ते एका संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले. "ताई, माझी सात पोरं मध्यमाला बसलीयत. वाजवतात झकास. लिहायला सांगितलं की पेन खाली ठेवतात. पंधरा दिवस बघाल का?" मुलामागे तीनशे रुपये ठरले. व्यवसायाची सुरुवात म्हणायची तर ही.

त्या सातांतला एक मुलगा अजून डोळ्यांसमोर आहे. दहा मात्रांच्या झपतालाचा ठेका, म्हणजे ठरलेले बोल, विचारला की बोटं टेबलावर आपोआप पडायची: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. पण प्रश्न होता, एका आवर्तनात (तालाच्या एका फेरीत) एकदा दुगुन (दुप्पट लय) म्हणून समेवर (पहिल्या मात्रेवर) यायचं, तर ती कुठून उचलायची? तो थेट समेपासून लिहायला घ्यायचा, पाच मात्रांत संपवायचा आणि पुढची रिकामी घरं बघत बसायचा. शेवटी मी खडूने फरशीवर दहा घरं आखली आणि त्याला म्हटलं, प्रत्येक घरात एक पाऊल टाकत चाल आणि तोंडाने ठेका म्हण. मग म्हटलं, आता प्रत्येक पावलाला दोन बोल, पण पोचायचं नेमकं समेवर. तीनदा चुकला. चौथ्यांदा पाच घरं मुकाट चालला, सहाव्या घरावर तोंड उघडलं आणि दहावं घर संपलं तसा बरोबर समेवर येऊन आदळला. "खालीपासून, मॅडम! खालीपासून उचलायची!" खाली म्हणजे टाळीशिवायची मात्रा, झपतालात ती सहावी. त्याच्या हाताला हे कधीचं ठाऊक होतं. वहीला नव्हतं. मग एकेका घरात दोन-दोन बोल लिहून त्यांच्या तळाशी चंद्रकोर काढायला दहा मिनिटं पुरली. आमच्या वर्गात फरशीवर आजही खडूची घरं असतात. झाडणाऱ्या मावशी वैतागतात.

सातही पास झाले. सरांनी आणखी दोन सरांना सांगितलं आणि पुढच्या सत्राला एकवीस मुलं आली. दुसऱ्या गुरूंचे विद्यार्थी आपल्याकडे यायचे म्हणजे नाजूक मामला. म्हणून पहिल्या दिवशीच एक नियम केला, तो अजून पाळतो: इथे गळ्याबद्दल आणि हाताबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मुलगी बेसूर गुणगुणली तरी मी मान खाली घालून वही तपासते. ते तिच्या बाईंचं काम. हा नियम नसता, तर या गावात आम्हाला एकाही सरांनी दुसऱ्यांदा मूल पाठवलं नसतं.

2015 च्या सिंहस्थात शाहीस्नानाच्या दिवशी आमच्या भागात बॅरिकेड लागले, सायकलही आत येईना. ते दिवस बुडाले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, सराफ बाजार-भांडी बाजारात पाणी शिरलं. आमच्या खालच्या खोलीत कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत चिखल. शाईपेनाने लिहिलेल्या वह्या निळ्या पडल्या, पेन्सिलीच्या टिकल्या. तेव्हापासून वर्गात फक्त पेन्सिल. पालकांना वाटतं शिस्त आहे. ती खरं तर गोदामाईची कृपा. त्याच दिवाळीत इंदिरानगरला पहिल्या मजल्यावर भाड्याची जागा घेतली आणि मी नोकरी सोडली.

मोठी चूकही सांगून टाकते. फॉर्म भरायचं काम आम्ही सोय म्हणून अंगावर घेतलं होतं. एका सत्रात एका मुलीचा फॉर्म मी प्रवेशिका पूर्णऐवजी प्रवेशिका प्रथमचा भरला. ती परीक्षा तिने आधीच दिलेली! प्रवेशपत्र आलं तेव्हा तिच्या आईच्या लक्षात आलं, माझ्या नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, त्यामुळे पोरीचे सहा महिने गेले. फी परत केली, पुढचं सत्र फुकट शिकवलं, तरी ती आई माझ्याशी वर्षभर तुटकच बोलली. बरोबरच होतं तिचं. आता फॉर्मची छापील प्रत पालक वाचतात, परीक्षेच्या नावाखाली सही करतात, मगच पुढे जाते. अकरा वर्षं अकाउंट्स करून मला हे सुचायला एक पोर अडकावं लागलं.

2020 च्या टाळेबंदीत मात्र कामाची दिशाच बदलली. महात्मानगरहून एका आईचा फोन आला. मुलगी पियानो शिकते, एबीआरएसएमची पाचवी ग्रेड झालीय आणि सर म्हणतायत, सहावीला बसता येणार नाही. का, तर पाचव्या ग्रेडची थिअरी दिलेली नाही. एबीआरएसएम ही लंडनची, 1889 सालची परीक्षा संस्था. तिच्या ग्रेड आठ. पहिल्या पाच ग्रेड नुसतं वाजवून पार होतात, सहावीच्या दारात थिअरीची पाचवी ग्रेड मागतात. त्याऐवजी चालणारे एक-दोन पर्याय आहेत, पण बहुतेक मुलं थिअरीच देतात. आणि त्याच वर्षी पहिल्या पाच ग्रेडची थिअरी ऑनलाइन झाली. घरी बसून, कॅमेऱ्यासमोर.

मला पाच रेघांवरचं नोटेशन येत नव्हतं. तसं सांगितलंही. बाई म्हणाल्या, "तुम्ही शिका, मग तिला शिकवा. शाळा बंदच आहेत." चार महिने मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर क्लेफ, म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते सांगणारी चिन्हं, गिरवले. टेनर क्लेफने रडवलं. ओळखीचा 'सा' रोज वेगळ्या रेघेवर बसल्यासारखं वाटायचं. मग परीक्षा मी स्वतःच दिली. 75 पैकी 50 ला पास, 60 ला मेरिट, 65 ला डिस्टिंक्शन. मला 61 पडले. निकालाचा कागद वर्गात लावलाय. डिस्टिंक्शन हुकलेल्या मुलांना तो फार आवडतो.

शिकताना एक गोष्ट मजेची निघाली. मुलांचा घोटाळा होतो 3/4 आणि 6/8 या तालचिन्हांमध्ये. दोन्हीत सहा क्वेव्हर, म्हणजे सहा छोटे स्वर, मावतात, मग फरक काय? इंग्रजी पुस्तकात दोन पानं स्पष्टीकरण आहे. मी म्हटलं, दादरा ताल म्हण. धा धी ना, धा ती ना. तीन-तीनचे दोन गट, हे झालं 6/8. तेच सहा दोन-दोनचे तीन गट करून म्हण, ते 3/4. नाशिकच्या पोराला हे मिनिटात कळतं, कारण आरतीत टाळ वाजवून वाजवून तो गट अंगात मुरलेला असतो. पाचव्या ग्रेडचं 7/8 आलं की रूपक ताल काढतो, तीन-दोन-दोन. तिथे एक सावधानता लागते. रूपकात पहिल्या मात्रेवरच खाली असते आणि तिकडे पहिला ठोका जोरकस धरतात. हे नाही सांगितलं तर तबला शिकणारं मूल हमखास वाद घालतं, आणि त्याचं चुकत नाही.

ऑनलाइन परीक्षेच्या वेगळ्याच तऱ्हा. परीक्षा देणाऱ्याच्या खोलीत दुसरं कोणी नको आणि सगळं रेकॉर्ड होतं. एका मुलाची आजी ऐन परीक्षेत सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आत आली. पोराने हाताने खुणावलं, आजीला वाटलं आणखी मागतोय. निकाल येईपर्यंत सगळं घर माझ्यावर नजर ठेवून होतं. पास झाला. आता परीक्षेआधी मी आई-वडिलांऐवजी आजी-आजोबांना फोन करते.

दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळायला लागल्यापासून गांधर्वच्या बाजूला गर्दी वाढली. नववीच्या मुलाला घेऊन पालक येतात आणि विचारतात, एका वर्षात किती परीक्षा उरकतील? 'उरकतील' हा शब्द कानावर आला की मी चहा विचारते आणि नाही म्हणते. धंद्याच्या दृष्टीने मूर्खपणा असेल. पियानोवाल्या काही पालकांनाही मी सरळ सांगते, मुलाला खरंच थिअरी नको असेल तर ट्रिनिटी या दुसऱ्या परीक्षा संस्थेकडे जा; तिथे वाजवण्याच्या ग्रेडसाठी थिअरीची अट नाही. माझा पुतण्या आता हिशेब बघतो. त्याला हे सल्ले ऐकू गेले की तो खुर्ची सरकवतो.

पेपरात चरित्र विचारतात आणि मुलं पलुस्करांच्या नावाखाली बिनदिक्कत भातखंड्यांचं आयुष्य लिहून येतात. 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर पुढे आपल्या नाशिकला येऊन राहिले, आश्रम काढला, त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय 1921 साली इथेच जन्मले. हे सांगितलं की मुलं पहिल्यांदा मान वर करतात. एकीने विचारलं, "म्हणजे ते पण रविवार कारंज्यावरून जायचे?" जात असणारच. त्यानंतर तिने पलुस्कर चुकवले नाहीत.

सध्या आम्ही तिघं शिकवतो. सत्राला साधारण नव्वद मुलं आणि काही मोठी माणसं. त्यांतले एक काका नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. वय 67, जेल रोडहून बसने येतात, डबा आणतात. पहिल्या दिवशी म्हणाले, "आयुष्यभर नोटा छापल्या, आता नोटेशन." प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हा विनोद ते ऐकवतात. भूप आणि देसकार या रागांची तुलना लिहिताना त्यांनी मधोमध पट्टीने रेघ ओढली, डावीकडे थाट (रागाचं कूळ) कल्याण, वादी (मुख्य स्वर) ग, संवादी (त्याखालोखालचा) ध. उजवीकडे थाट बिलावल, वादी ध, संवादी ग. टिंब आणि टिंब जागच्या जागी. मी तपासायला वही उचलली तर म्हणाले, "दोनदा मोजलंय मॅडम." परवा त्यांचा विशारद प्रथमचा फॉर्म भरला. सही करायच्या आधी त्यांनी तो तिसऱ्यांदा वाचला.