घर सोडून बाकी सगळं

"आत्याला आता काही कळत नाही. तुम्ही कागद घेऊन या, अंगठा आम्ही घेतो," असं भाचा फोनवर म्हणाला. मी वकील. त्याला तिथंच सांगितलं की कळत नसेल तर कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, होणार नाही. करार कायदा 1872, कलम 12. कागद करणाऱ्याला त्यातला मजकूर समजला पाहिजे आणि त्यातून आपलं भलं-बुरं काय होईल हेही उमगलं पाहिजे. पण त्यांना न भेटताच नकार देणं मला पटेना, म्हणून गेले.

सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, विधवा, मूलबाळ नाही, कित्येक वर्षांचा पार्किन्सन. चेहरा दगडासारखा, पापणीही क्वचित लवायची. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात आणि आवाज खोल जातो. बघणाऱ्याला वाटतं, माणूस आतून संपला. घरच्यांनी मात्र त्यांना मनापासून सांभाळलं होतं. अंथरूण स्वच्छ, पाठीला एकही जखम नाही. हे आवर्जून लिहिते, कारण अशा प्रकरणात नातेवाइकांना आधीच लुबाडणारे ठरवून टाकण्याची आपल्याला घाई असते.

भाच्याने कुठूनसा मसुदा टाइप करून आणला होता. पेन्शन, बँक, दवाखाना, वीजबिल आणि शेवटी 'सदर घरमिळकत विकणे, गहाण ठेवणे'.

मी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. ते कुणालाच आवडलं नाही. पण फी कुणीही देवो, मुखत्यारपत्र ज्याचं, तोच माझा पक्षकार. जाता जाता भाच्याच्या बायकोने मोलाची गोष्ट सांगितली: दुपारची गोळी घेतल्यावर तासाभराने आत्यांचा आवाज जरा सुटतो. मी थांबले.

तासाभराने बाई बोलल्या. एकेक शब्द, मध्ये मोठी थांबणी. मी एकेक कलम वाचायची आणि विचारायची, "बाई, यात काय लिहिलंय ते तुम्ही मला सांगा." त्या सांगत गेल्या. पेन्शन काढायला. दवाखान्याचे पैसे भरायला. शेवटचं कलम वाचल्यावर म्हणाल्या, "घर सोडून." मी पुन्हा विचारलं. "घर सोडून बाकी सगळं."

मग त्यांनीच मला विचारलं, "मी गेल्यावर घर कुणाचं?" घर नवऱ्याकडून आलेलं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा 1956 च्या कलम 15 प्रमाणे ते नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे दिरांच्या मुलांकडे जाणार. सांभाळणाऱ्या भाच्याला काही नाही. बाई बराच वेळ गप्प होत्या. "मग ते वेगळं करू," एवढंच म्हणाल्या.

बाहेर भाचा दुखावला. "एवढं करतोय, तरी विश्वास नाही?" त्याची भीती खोटी नव्हती, उद्या दिरांची मुलं आपल्याला बाहेर काढतील हे त्याला दिसत होतं. पण विक्रीचं कलम घालूनही त्याची भीती मिटली नसती. मुखत्यारपत्र देणारा गेला की ते त्याच दिवशी संपतं, करार कायद्याचं कलम 201. पुष्कळ घरांत हे माहीतच नसतं. मृत्युपत्राबद्दल मी त्याला अवाक्षर बोलले नाही. ते बाईंचं होतं, सांगायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं.

आजारी माणसाला दुय्यम निबंधक कार्यालयात नेण्याची गरज नसते. नोंदणी कायदा 1908 च्या कलम 33 प्रमाणे निबंधक घरी येऊ शकतात. डॉक्टरांच्या दाखल्यात मी एक वाक्य मागून घेतलं: आजार शरीराचा आहे, समज शाबूत आहे. भेटही गोळीची वेळ बघून ठरवली. साहेबांनी बाईंना नाव विचारलं, कागद कशाचा, कुणाचा दबाव आहे का. उत्तरं हळू आली, पण नेमकी आली. यंत्रावर अंगठा उमटेना; वयाने रेषा झिजतात. दुसऱ्या बोटावर जमलं. भाच्याने शाईचा पॅड पुढे केला, तेव्हा बाई म्हणाल्या, "सही करीन." अक्षर मुंगीएवढं, तेही या आजाराचंच लक्षण, पण पूर्ण नाव वाचता येत होतं.

निबंधक गेल्यावर भाच्याने विचारलं, "आणि खरंच कळेनासं झालं तर?" तेव्हाही हा कागद संपतो, कलम तेच. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि दवाखान्याचं बिल तोवर थांबत नाही. म्हणून बाईंना विचारून त्यांच्या बचत खात्यात 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा' या पद्धतीने भाच्याचं नाव घालायचं ठरलं. सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना सांगितलं आहे. तसा अर्ज मी तिथंच लिहून दिला.

मृत्युपत्रासाठी मी नंतर एकटीच गेले. साक्षीला दोन शेजारी होते. मजकूर बाईंनी सांगितला, मी लिहून घेतला.