बेलडोंगरीचा चुंबकी दगड : पाचव्या वडीत जाळी दिसली

जाळी दिसली! मंगळवारी रात्री साडेअकराला, सूक्ष्मदर्शकाच्या १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली, पाचव्या वडीत, म्हणजे इपॉक्सीत बसवून आरशासारख्या घासलेल्या दगडाच्या तुकड्यात. जाळी म्हणजे एकमेकांत विणलेल्या दोन खनिजांची नक्षी. मागच्या वेळी तिसरी वडी बाद झाल्याचं लिहिलं होतं. चौथीचं लिहायला हात धजला नाही, म्हणून आधी ही बातमी.

दगड तोच, काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेतला, नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या मॅंगनीज खाणीचा. मुठीएवढा, एका अंगाला पांढऱ्या ऑइलपेंटनं ‘बेलडोंगरी’ लिहिलेलं. ताज्या फुटीवर पोलादी करडा रंग आणि त्यात कांस्याची किंचित झाक, कस (घासल्यावर उमटणारी रेघ) गडद चॉकलेटी. दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक चार बोटांवरूनच त्याच्याकडे वळतं. काका खाणीत मेट, म्हणजे मजुरांचे मुकादम, होते. लोखंड जास्त म्हणून असले डगळे निवडणीत बाजूला पडायचे, असं ते सांगत. त्यातलाच हा एक त्यांनी घरी आणून ठेवला.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फर्मोरनं बेलडोंगरीच्या आणि आंध्रातल्या गरिविडीच्या अशाच चुंबकी धातुकाला व्रेडेनबर्ग या आपल्या खात्यातल्या भूवैज्ञानिकाचं नाव दिलं : व्रेडेनबर्गाइट. पुढे पॉलिश केलेले सेक्शन पाहिल्यावर कळलं की हे एक खनिज नाहीच. जेकबसाइट (लोह-मॅंगनीजचं ऑक्साइड) आणि हाउसमनाइट (मॅंगनीजचं ऑक्साइड) एकमेकांत विणलेले आहेत. रूपांतरणाच्या उष्णतेत दोन्ही मिळून स्पिनेल-रचनेचं एकच खनिज होतं. सावकाश निवताना ते त्या रूपात टिकलं नाही आणि जेकबसाइटमधून हाउसमनाइटच्या पट्ट्या वेगळ्या झाल्या. चुंबकत्व जेकबसाइटचं. म्हणजे नुसत्या चुंबकावर आपल्याला काही सिद्ध करता येत नाही, मॅग्नेटाइटही ओढला जातोच. जाळी दिसायलाच हवी.

आणि जाळी दिसायची तर आरसा हवा. तिथेच दोन महिने गेले.

२२० पासून १००० पर्यंतचा वॉटर पेपर ठीक चालायचा. ६ मायक्रॉनची डायमंड पेस्टही ठीक. १ मायक्रॉनला आलं की पृष्ठभागभर ओरखडे, तेही सगळे एका कडेकडून निघालेले, धूमकेतूच्या शेपटीसारखे. आधी पेस्टवर संशय घेतला. इंजेक्शनच्या नळीत मिळणारी स्वस्तातली पेस्ट सोडून डाय-मोल्डवाले वापरतात ती मागवली. ओरखडे तसेच. कापड बदललं, पाण्याऐवजी रॉकेल घेतलं, दर टप्प्याला वेगळी काच ठेवली. चौथ्या वडीत तर ओरखडे वाढले.

उत्तर भिंगात सापडलं. वडीच्या ज्या कडेकडून शेपट्या निघत होत्या तिथे मधाच्या रंगाचे, मोहरीहून बारीक दाणे होते. स्पेसार्टाइन, म्हणजे मॅंगनीजचा गार्नेट! दगडाच्या एका अंगाला गोंडाइटची बोटभर पट्टी आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तरी तिचा विचार केला नाही. गार्नेटची कठिनता ७ च्या वर, धातुकाची त्याहून कमी. गोंडाइटमधला गार्नेट इथे भेगाळलेला आहे. प्रत्येक फेरीत त्याचा एखादा कपचा सुटून कापडात रुतायचा आणि पुढची अर्धा तास मेहनत खरवडून टाकायचा. दोष पेस्टचा नव्हता, कापडाचा नव्हता. फर्मोरनं गोंडांच्या नावावरून ज्याला गोंडाइट म्हटलं, तो मॅंगनीज-गार्नेट आणि क्वार्ट्झचा खडकच माझ्या वडीत बसून हे करत होता.

मग पाचव्या वडीसाठी पट्टी कटरवर आधीच तासून काढली. दगड ओव्हनमध्ये हलका गरम केला, पातळ इपॉक्सी ओतलं आणि व्हॅक्यूमच्या डब्यात बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवलं. हार्डवेअरच्या दुकानातलं दोन नळ्यांचं इपॉक्सी यासाठी घेऊ नका, ते मधासारखं दाट, भेगांत उतरत नाही. वडीची धार ४५ अंशांत मारली. प्रत्येक टप्प्यानंतर ओळखीच्या सोनाराकडे जाऊन त्याच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तीन मिनिटं धुवून आणली. पाच टप्पे, पाच फेऱ्या. तो दागिने बाजूला ठेवून माझा दगड धुतो, त्याचे आभार मानावे तेवढे थोडे. टाकणखारही त्यानंच दिला. त्याचा मणी दगडाच्या पुडीसह ऑक्सिडायझिंग ज्योतीत जांभळा झाला, ही मॅंगनीजची खूण, त्या दिवशीही असाच आनंद झाला होता.

आता जाळीबद्दल. साध्या प्रकाशात दोन करडे रंग, फरक अगदी पुसट. जेकबसाइटला ऑलिव्हची छटा. मी तर आधी ओलांडून पुढे गेलो होतो. दोन पोलरायझर एकमेकांना आडवे केले आणि पार्श्वभूमी काळी पडली, जेकबसाइट समदिक् (प्रकाशाशी सगळ्या दिशांना सारखाच वागणारा) म्हणून. त्या काळोखात पट्ट्या एकेक उजळत गेल्या, स्टेज फिरवली तशा आळीपाळीनं विझत-पेटत, आणि काहींच्या आतून रक्तासारखा गडद लाल उजेड आला. लाल हेमाटाइटही देतो, शिवाय मार्टाइटमध्येही (मॅग्नेटाइटचा झालेला हेमाटाइट) अशीच जाळी असते, म्हणून रात्रभर धाकधूक होती. पण हेमाटाइट साध्या प्रकाशात पांढराशुभ्र उठून दिसतो, इथे तसं नाही. आणि कस चॉकलेटी आहे, लाल नाही. मी याला व्रेडेनबर्गाइटच म्हणणार.

नाव खनिज म्हणून बाद झालंय, ठाऊक आहे. छिंदवाड्यातल्या सीतापारवरून ठेवलेलं सीतापाराइटही आधीच माहीत असलेलं बिक्सबाइटच निघालं. फर्मोरच्या त्या काळातल्या नावांपैकी हॉलंडाइट मात्र टिकलं. तरी बेलडोंगरीच्या दगडाला बेलडोंगरीतच पडलेलं नाव माझ्या चिठ्ठीवर राहील.

ठरल्याप्रमाणे पुढचा नंबर डोंगरी बुजुर्गच्या पायरोलुसाइटचा होता, बॅटरीच्या सेलमध्ये जातो तो. पण आत्ता वरचं लिहिताना डोक्यात आलं : पट्ट्या एका कडेला जाड आणि दुसरीकडे केसासारख्या आहेत. एकाच डगळ्यात निवण्याचा वेग इतका बदलणार नाही. मग मी पट्ट्यांना तिरका कापलाय की तिथे लोखंडाचं प्रमाणच वेगळं आहे? उरलेल्या तुकड्याच्या एकमेकींना काटकोनात तीन चकत्या काढल्याशिवाय कळणार नाही. पायरोलुसाइट थांबेल.

आणखी एक. नागपूर जिल्ह्यात मॅंगनीजचं खोदकाम १८९९-१९०० च्या सुमाराला सुरू झालं. १९०५ मध्ये रशियातल्या उठावानं कॉकेशसचा माल अडला आणि इथल्या टेकड्यांना एकदम भाव आला. तेव्हा निवड हातोडीनं आणि नजरेनं व्हायची, नको ते डंपवर. १९६२ मध्ये मॉइल ही सरकारी मॅंगनीज कंपनी आली त्याच्या कितीतरी आधीचे ते डंप. सातुक, कांद्री, मनसर इथले जुने नमुने कुणाकडे असतील तर दोऱ्याला चुंबक टांगून किती अंतरावरून वळतं ते मोजून कळवा, सोबत खाणीचं नाव आणि कसाचा रंग. खाणीच्या लीजमध्ये मात्र परवानगीशिवाय जाऊ नका. घरातल्या ट्रंका आधी उघडा.

पहिली चकती रविवारी कापतोय. गोंडाइटच्या बाजूनं नाही.