आईकडची रेष कोकणातली

पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, मुलग्यांनापण मिळतो पण पुढे देतात त्या मुलीच, आणि आहे जेमतेम १६,५६९ अक्षरांचा. भायखळ्याला आमच्या शेजारच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, मावशी मलिद्यासाठी, म्हणजे त्यांच्या पूजेच्या प्रसादासाठी, भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं कालवत असतात तेव्हा मला हमखास हेच आठवतं, कारण २००८ च्या एका अभ्यासात त्यांच्या समाजातल्या साधारण ४१ टक्के लोकांची आईकडची रेष एकाच बाईपर्यंत गेली, आणि ती बाई इथली, भारतातली! त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं ती गोष्ट सगळे सांगतात, आणि २०१६ च्या अभ्यासातही ज्यू वंश जास्त करून बापाकडून आलेला दिसतो, पण या बाईचं नाव कुणी काढत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. अलिबाग-पेणची गावं, मग मुंबई, आणि १९४८ नंतर थेट इस्राएलात डिमोना-बीरशेबापर्यंत तिच्या लेकी गेल्यात.