तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुण्यांना मी कूपर युनियनला का नेते?

न्यूयॉर्कला आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा विचारतो, "स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघायचा सोडून या जुन्या कॉलेजसमोर कशाला आणलंस?"

क्लारा लेमलिख या शिवणकामगार मुलीसाठी.

इथल्या तळघरात मोठं सभागृह आहे. २२ नोव्हेंबर १९०९ च्या संध्याकाळी ते शर्टवेस्ट, म्हणजे बायकांचे पुढे बटणं असलेले ब्लाउज, शिवणाऱ्या कामगारांनी खच्चून भरलं होतं. बहुतेक तरुण मुली. रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू, काही इटालियन. दोन तास पुढारी बोलत होते, अमेरिकेतल्या कामगार संघटनांचे सर्वांत मोठे नेते सॅम्युएल गॉम्पर्सही बोलले. सगळे जपून. मग तेवीस वर्षांची क्लारा व्यासपीठावर गेली आणि यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, बोलली: मीही कामगार आहे, मोघम भाषणं आता पुरे, सार्वत्रिक संपाचा ठराव मांडते. घरी बोलतात त्या भाषेत! परक्या देशात सभेत तोंड उघडताना माझी जीभ किती वर्षं अडखळत होती, ते आठवून मला इथे दरवेळी भरून येतं. सभेने हात उंचावून ज्यूंची जुनी शपथ घेतली: दगा दिला तर हा हात झडून जावो. पाठोपाठ सुमारे २०,००० कामगार संपावर गेले.

ही गोष्ट सांगताना लोक म्हणतात, एक चिमुरडी पोर अचानक उठली. हे 'अचानक' मला खुपतं. युक्रेनमधल्या गावी वडिलांनी घरात रशियन भाषेला बंदी घातली, तेव्हा तिने काजं करून आणि निरक्षर आयांची अमेरिकेतल्या लेकरांना जाणारी पत्रं लिहून पैसे जमवले, रशियन पुस्तकं घेतली. १९०३ मध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात ज्यूंची कत्तल झाली आणि त्यानंतर कुटुंबाने देश सोडला. न्यूयॉर्कमध्ये ती बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनच्या २५ क्रमांकाच्या शाखेच्या कार्यकारिणीवर होती. सप्टेंबर १९०९ मध्ये, या मोठ्या संपाआधी, एका कारखान्यातल्या संपात दारावर पहारा देताना गुंडांनी मारून तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. त्या सभेत उठली ती ही बाई.

फेब्रुवारी १९१० मध्ये संप मिटला. बऱ्याच मालकांनी युनियनशी करार केले. शर्टवेस्ट बनवणाऱ्या ट्रँगल कंपनीने केला नाही. २५ मार्च १९११ ला तिथे आग लागली. नवव्या मजल्यावरच्या एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. एकूण १४६ माणसं गेली. ती इमारत इथून चालत दहा मिनिटांवर आहे. पुढे आपण तिकडेच जातो.

क्लाराचं नाव मालकांच्या काळ्या यादीत गेलं. मग ती बायकांच्या मताधिकारासाठी लढली, लग्नानंतर महागड्या मांसावर बहिष्कार घालायला शेजारणींना घेऊन रस्त्यावर आली. ऐंशी ओलांडल्यावर लॉस एंजेलिसच्या वृद्धाश्रमात राहायला गेली, तर तिथे शेतमजुरांच्या लढ्यासाठी द्राक्षं आणि लेट्यूस विकत घेणं व्यवस्थापनाला बंद करायला लावलं, आणि तिची सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना युनियन बांधायला मदत केली.