आधी ऊब, मग पाणी, मग दूध

पिल्लांना दूध पाजायला मिळेल म्हणून मी पुण्याजवळच्या एका वन्यप्राणी उपचार केंद्रात नाव नोंदवलं. हातात आधी आली ती रेबीजच्या लशीची चिठ्ठी. ही लस चावा बसण्याआधीच घ्यायची असते. डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लांच्या खोलीत प्रवेश नाही. तोवर पिंजऱ्यातले कागद बदलायचे, सिरिंजा उकळायच्या, फडकी धुवायची. ही कामं मी मनापासून केली. आईच्या अंगावर न वाढलेल्या पिल्लाला साधा जंतुसंसर्गही झेपत नाही.

पावसाळ्याआधी फांद्या छाटायला सुरुवात झाली की खारीची पिल्लं येऊ लागतात. कधी बुटाच्या खोक्यात, कधी कुणाच्या ओढणीत. डोळे मिटलेले, पण पाठीवरचे पट्टे उमटलेले. आणणाऱ्याने बहुतेकदा कापसाने गाईचं दूध पाजलेलं असतं. त्यामागची माया खरी असते, पण ते दूध पिल्लाला पचत नाही. खारीचं दूध त्यापेक्षा कितीतरी स्निग्ध असतं आणि गाईच्या दुधातल्या साखरेने पिल्लाला जुलाब लागतात.

आम्हाला शिकवणाऱ्या ताई पहिल्या दिवसापासून एकच घोकून घ्यायच्या, "आधी ऊब, मग पाणी, मग दूध." पिल्लू गार पडलेलं असेल तर त्याचं पोट चालत नाही, आत गेलेलं दूध तसंच राहतं. म्हणून फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीजवळ ठेवून आधी ऊब द्यायची. मग कोमट ओआरएस. त्यानंतर पिल्लांसाठीची दूध पावडर, सुरुवातीला पातळ आणि हळूहळू दाट.

दर सकाळी वजन. १०० ग्रॅम वजनाला एका वेळी साधारण ५ मिली, म्हणजे २० ग्रॅमच्या पिल्लाला फक्त १ मिली. पिल्लाला पालथं धरायचं, डोकं किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच नाही. निपल तोंडाला लागताच ते पुढचे दोन्ही पाय सिरिंजला लावतं आणि असं ओढायला लागतं की दट्ट्या आपोआप पुढे सरकावा. तिथेच अंगठा आवरायचा. नाकपुडीशी दुधाचा बुडबुडा दिसला की लगेच थांबायचं, डोकं खाली करून नाक टिपायचं. दूध फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो आणि एवढ्याशा जिवाला त्यातून वाचवणं फार अवघड.

पाजून झालं की ओल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसायचं. आई चाटते तेव्हाच पिल्लू लघवी करतं, ते काम आपण करायचं. मग वहीत नोंद: किती प्यायलं, शी कशी झाली. दोन-तीन तासांनी पुन्हा हेच. या सगळ्यात बोलायचं नाही, कुरवाळायचं नाही. मला सगळ्यात जड गेलं ते हे. पण माणसाची सवय लागलेली खार बाहेर सोडल्यावर कुत्र्या-मांजरापासून पळत नाही, हे कळल्यावर हात आपोआप मागे येतो.

ऊसतोडीच्या हंगामात मात्र दूध न पाजणं हेच खरं काम असतं. फडात रानमांजराची पिल्लं सापडतात, लोक बिबट्याची समजून घाबरतात. अशा वेळी पिल्लं तपासायची, ठणठणीत असतील तर क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच सरीत ठेवायची आणि सगळ्यांनी लांब जायचं. एकदा मीही गेले होते. मुकादमांनी त्या बाजूची तोड थांबवली, मजुरांनी पोरांना घरी धाडलं. रात्री कॅमेऱ्यात मादी आली, एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन गेली. त्या पिल्लांना मी थेंबभरही दूध पाजलं नव्हतं आणि इतका आनंद मला पाजतानाही कधी झाला नव्हता.

खारीचंही तेच. पिल्लू धडधाकट असेल तर ऊब देऊन, उघड्या खोक्यात घालून, मांजर पोचणार नाही अशा बेताने त्याच झाडाला बांधा आणि दिवसाउजेडी आईची वाट बघा. ती नाहीच आली किंवा पिल्लू जखमी असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तोवर गाईचं दूध नको, ऊब पुरे.