तुम्ही विचारलंत म्हणून: ढगाळ हिवाळ्यात दुर्बीण कशासाठी?

हिवाळा सुरू झाला की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. आठवड्यामागून आठवडे आकाश ढगांनी भरलेले असताना अंगणातल्या दुर्बिणीतून तुम्ही नेमके काय पाहता, आणि ज्यांच्या वाट्याला असाच हिवाळा येतो त्यांनी दुर्बीण घ्यावी तरी का? विचारणाऱ्यांपैकी काहींना दुर्बीण घ्यायची असते, तर काहींनी ती घेतलेली असते आणि निरभ्र रात्र मिळेना म्हणून ती खोलीच्या कोपऱ्यात उभी असते. दोघांनाही माझे उत्तर एकच आहे. दुर्बीण जरूर घ्यावी आणि जरूर वापरावी, पण संपूर्ण मोकळ्या रात्रीची वाट पाहणे आधी सोडून द्यावे. ढगाळ हिवाळ्यातले निरीक्षण ढगांमधल्या फटींच्या हिशेबाने होते, आणि वीस-पंचवीस मिनिटांच्या फटीत काय पाहता येते हे ज्याला उमगले त्याला हा ऋतू वाया जातो असे वाटत नाही.

गॅलिलिओने गुरूचे चंद्र शोधले तेही ऐन हिवाळ्यात. ७ जानेवारी १६१० रोजी पाडुआ येथे, सुमारे वीसपट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून त्याला गुरूजवळ तीन बारीक तारे एका रेषेत दिसले. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या होत्या, आणि तो बदल अपेक्षेच्या उलट होता. उत्सुकता अशी शिगेला पोहोचलेली असताना तिसऱ्या रात्री आकाश पूर्ण झाकोळले. १० तारखेला पुन्हा संधी मिळाली, १३ तारखेला चौथा चंद्रही दिसला, आणि ९ जानेवारीची ढगांनी नेलेली रात्र त्याने आपल्या प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात तशीच नोंदवून ठेवली. मला त्या नोंदीचे मोल फार वाटते. विश्वातल्या सगळ्या गोष्टी पृथ्वीभोवतीच फिरतात या समजुतीला ज्या निरीक्षणांनी तडा दिला, त्यांच्यातही एक रात्र रिकामी आहे. तरीही निष्कर्ष अडला नाही, कारण आकाश मिळाले त्या प्रत्येक रात्रीची नोंद नेमकी होती.

फटींचा उपयोग करायचा तर आधी ढगांची ओळख हवी, आणि या बाबतीत हौशी निरीक्षक फार कमी लक्ष देतात असे माझे मत आहे. हिवाळ्यातला सर्वांत चिवट ढग म्हणजे जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसल्यावर त्याखाली साचून राहणारा करडा, एकसंध थर. उच्च दाबाच्या शांत हवेत त्याला ढकलायला वारा नसतो आणि हिवाळ्यातला मंद सूर्य त्याला वितळवू शकत नाही, त्यामुळे तो कित्येक दिवस जागचा हलत नाही. असा थर बसला की मी त्या रात्रीचा विचारच करत नाही. उपग्रहाच्या अवरक्त चित्रांत मात्र हा थर सहज निसटतो, कारण त्याच्या माथ्याचे तापमान जमिनीच्या तापमानापेक्षा फारसे वेगळे नसते. चित्रात मोकळे दिसणारे आकाश बाहेर येऊन पाहावे तर डोक्यावर एकही तारा नसतो. म्हणून अंदाज पाहताना एकूण ढगांच्या टक्केवारीवर न थांबता खालचे, मधले आणि वरचे ढग वेगवेगळे दाखवणारा अंदाज पाहावा.

थंड हवेची आघाडी पुढे सरकून गेल्यावर येणारे तुटक ढग हा अगदी निराळा प्रकार आहे. पाऊस किंवा हिम पडून गेल्यामुळे हवेतली धूळ खाली बसलेली असते, आणि दोन ढगांच्या मधले आकाश इतके स्वच्छ असते की मंद तारेही डोळ्यांत भरतात. पण त्याच वेळी वरची हवा ढवळलेली असते, तारे जोरजोरात लुकलुकतात, आणि दुर्बिणीत मोठे वर्धन लावले की गुरूचे पट्टे वाहत्या पाण्याखाली असल्यासारखे हलतात. अशा फटीत कमी वर्धन लावून तारकागुच्छ आणि तेजोमेघ (वायू आणि धुळीचे उजळ ढग) पाहावेत. याउलट किंचित धुरकट, वारा पडलेल्या रात्री मंद वस्तू हरवतात, पण ग्रह आणि जोडतारे कमालीचे स्थिर दिसतात. हवेची पारदर्शकता आणि हवेचे स्थैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हिवाळ्यात त्या एकाच रात्री क्वचितच मिळतात. हे एकदा लक्षात आले की ‘आज आकाश चांगले नाही’ असे सरसकट म्हणता येत नाही. कशासाठी चांगले नाही, हे ठरवावे लागते.

तिसरा प्रकार उंचावरच्या पातळ ढगांचा. ते हिमस्फटिकांचे असतात, आणि षट्कोनी स्फटिकांच्या बाजूंमधून प्रकाश वळून बाहेर पडताना चंद्राभोवती २२ अंश त्रिज्येचे खळे पडते. हात पूर्ण लांब करून बोटे पसरली तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण तेवढेच अंतर भरते. अशा ढगांमागून जाड ढग येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून खळे दिसले की मी दुर्बीण ताबडतोब चंद्राकडे किंवा गुरूकडे वळवतो. तेजस्वी वस्तूंचे या पातळ पडद्याने फारसे बिघडत नाही, आणि काही वेळा डोळे दिपवणारा उजेड कमी झाल्यामुळे गुरूवरील पट्टे अधिकच ठळक वाटतात.

फट सापडली तरी तिच्यासाठी तयार असणे हा वेगळा अभ्यास आहे, आणि त्याबाबत मला अठराव्या शतकातल्या खगोलनिरीक्षक कॅरोलिन हर्शेलचे उदाहरण नेहमी आठवते. ३१ डिसेंबर १७८३ च्या संध्याकाळी इंग्लंडमधील डॅचेट येथे आकाश ढगाळ होते. दहाच्या सुमारास काही तारे दिसू लागले आणि विल्यम व कॅरोलिन या भावंडांनी घाईघाईने मोठी दुर्बीण सज्ज केली. जमिनीवर फूटभर वितळते हिम होते आणि अंधारही होता. दुर्बीण फिरवण्याच्या यंत्राकडे धावताना कॅरोलिन घसरली, आणि यंत्राच्या टोकाला असलेला लोखंडी आकडा तिच्या गुडघ्याच्या वर मांडीत खोल रुतला. ही जखम भरायला बरेच दिवस लागले. तरीही आपल्या आठवणींत तिने समाधान नोंदवले आहे ते याचे की भावाचे काही नुकसान झाले नाही, कारण उरलेली रात्र ढगाळच गेली आणि पुढच्या कित्येक रात्रींतही थोड्याच फटी मिळाल्या. तिच्या निष्ठेपुढे मी नतमस्तक आहे. मात्र त्या रात्रीचा अपघात घाईमुळे झाला हेही तितकेच खरे आहे. ढगांतून तारे दिसू लागल्यावर तयारी सुरू करायची नसते. ती उजेड असतानाच झालेली असावी लागते. तिपाई कुठे उभी राहणार, वाटेत काय आडवे येणार, कोणती नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) कोणत्या खिशात असणार, हे सगळे संध्याकाळीच ठरवावे.

तयारीतला सर्वांत महत्त्वाचा भाग तापमानाचा आहे. उबदार खोलीतून थंड हवेत आणलेल्या दुर्बिणीचा आरसा बराच वेळ गरम राहतो, त्याच्या पृष्ठभागावरून ऊन हवेचे झोत वर चढत राहतात आणि प्रतिमा थरथरते. आठ इंच व्यासाचा आरसा बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत पाऊण तास ते एक तास सहज जातो, म्हणजे तोवर फट मिटलेली असते. म्हणून हिवाळाभर दुर्बीण घरात न ठेवता कोरड्या, बंद, पण थंड जागी ठेवावी. हा एक बदल केला तरी मिळणारा वेळ दुप्पट झाल्यासारखा वाटतो. दवाचा त्रास टाळायला भिंगापुढे लांब नळकांडे लावावे, नेत्रिकेवर श्वास सोडू नये, आणि दव पडलेच तर भिंग पुसू नये, ते आपोआप सुकू द्यावे. बॅटरी थंडीत लवकर दम तोडते, तेव्हा ती आतल्या खिशात ठेवावी. आणि पायांखाली जाड चटई घालावी, कारण थंडी सर्वांत आधी तळव्यांतून चढते.

आता फटीत पाहायचे काय? मंद दीर्घिका, म्हणजे दूरच्या आकाशगंगा, शोधण्याचा नाद हिवाळ्यातल्या फटींमध्ये धरू नये. डोळे अंधाराला पुरते सरावायलाच वीस ते तीस मिनिटे लागतात. शिवाय वस्तीजवळ असाल तर खालचे दिवे ढगांवरून परावर्तित होतात आणि फटीतले आकाशही उजळ होते. फटीला शोभणाऱ्या वस्तू म्हणजे ज्या चटकन सापडतात आणि पाहता पाहता ज्यांच्यात काहीतरी उलगडत जाते. उत्तर गोलार्धातल्या हिवाळ्यात मृग नक्षत्र समोरच असते, आणि त्याच्या बाणाच्या दक्षिणेला सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर असलेला तेजोमेघ लहान दुर्बिणीतही लगेच सापडतो. त्याच्या गाभ्यातला ट्रॅपेझियम नावाचा चार ताऱ्यांचा चिमुकला गट मला त्या तेजोमेघाइतकाच प्रिय आहे. चार तारे साठ मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीतही वेगळे होतात. हवा स्थिर असेल आणि दुर्बीण चार इंचांहून मोठी असेल तर त्यांच्या अगदी लगत पाचवा आणि सहावा तारा डोकावतो. त्यामुळे फट उघडताच मी आधी तिथेच पाहतो; सहा तारे दिसले तर मोठे वर्धन, चारच दिसले तर लहान, असा पुढच्या मिनिटांचा निर्णय तिथेच होतो.

सहा दिसले तर पुढचा प्रयत्न व्याध या तेजस्वी ताऱ्याच्या मंद सोबत्याचा करावा. बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये व्याधाच्या डुलत्या चालीवरून या न दिसणाऱ्या सोबत्याचे अनुमान केले, आणि जानेवारी १८६२ मध्ये ॲल्व्हन ग्रॅहम क्लार्क या अमेरिकन दुर्बीणकाराने नव्या मोठ्या भिंगाची परीक्षा घेताना तो प्रत्यक्ष पाहिला. हा श्वेतबटू, म्हणजे जळून गेलेल्या ताऱ्याचा लहानसा गाभा, व्याधापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद आहे आणि सुमारे पन्नास वर्षांत एक फेरी पुरी करतो. सध्याच्या वर्षांत तो व्याधापासून जवळजवळ सर्वाधिक अंतरावर, म्हणजे साधारण अकरा आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दूर आहे, तेव्हा ही संधी दवडू नये. मिथुनेतला कॅस्टर मात्र कोणत्याही बऱ्या फटीत दोन शुभ्र ताऱ्यांत विभागलेला दिसतो, आणि पातळ ढगांतूनही दिसतो.

माझा सर्वाधिक जीव जडला आहे तो रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांवर, कारण त्यांच्यासाठी पाच मिनिटांचीही फट पुरते आणि ती पाच मिनिटे कायमची नोंद होऊन राहतात. ययाती तारकासमूहातला अल्गोल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो, कारण त्याचा मंद सोबती त्याच्यासमोर येऊन त्याला ग्रहण लावतो. त्याची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते आणि पुन्हा चढते, आणि या सगळ्याला सुमारे दहा तास लागतात. जॉन गुडरिक या तरुणाने १७८३ मध्ये, म्हणजे कॅरोलिनच्या अपघाताच्याच वर्षी, हा काल निश्चित केला, आणि तोही नुसत्या डोळ्यांनी. ढगांमुळे एकाच रात्री पूर्ण ग्रहण पाहायला मिळाले नाही तरी बिघडत नाही. एका आठवड्यात उतरती बाजू, पुढच्या महिन्यात चढती बाजू, असे तुकडे जोडून आलेख पुरा होतो. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करायची असल्याने ढगाचा समान, पातळ पडदाही चालतो, कारण तो सगळ्यांनाच सारखे मंद करतो. १९११ पासून काम करणाऱ्या अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स या संस्थेकडे जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी जमा होतात. २०१९ च्या अखेरीस मृगातला काक्षी (बीटलज्यूस) तारा मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचे तेज नेहमीच्या निम्म्याहूनही कमी झाले, तेव्हा त्या घटनेच्या अभ्यासाला अशा नोंदींचा मोठा आधार मिळाला. पुढे त्या मंदावण्याचे कारण ताऱ्याने बाहेर फेकलेल्या वायूतून तयार झालेली धूळ असल्याचे दिसून आले. त्या हिवाळ्यात कुणाकुणाच्या अंगणावर ढग होते. पण एकाची फट मिटली की दुसऱ्याची उघडत होती.

चंद्राविषयी थोडक्यात सांगतो. हिवाळ्यातली पौर्णिमा आकाशात उंच चढते, पण पाहण्यासारखा असतो तो अर्ध्याच्या आसपासचा चंद्र. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर अंधारात बुडालेल्या एखाद्या विवराचे मधले शिखर वीस मिनिटांत उजळून निघते, आणि हे घडताना पाहायला फट अगदी पुरेशी असते. गुरूचेही तसेच आहे; त्याचा आयो हा चंद्र साडेबेचाळीस तासांत फेरी मारतो, त्यामुळे तो गुरूच्या कडेजवळ असेल तर अर्ध्या तासात त्याची हालचाल स्पष्ट कळते.

राहिला प्रश्न कोणती दुर्बीण घ्यावी याचा. ढगाळ हिवाळ्यासाठी पहिली दुर्बीण लहान असावी, असे मी ठामपणे सांगेन. सत्तर-ऐंशी मिलिमीटरचे भिंग असलेली, एका हाताने उचलता येणारी, साध्या तिपाईवर बसणारी दुर्बीण लवकर थंड होते आणि दार उघडल्यापासून दोन मिनिटांत वापरात येते. सहा किंवा आठ इंची दुर्बीण तिच्यापेक्षा कितीतरी अधिक दाखवते, यात शंका नाही, पण ती दुसरी म्हणून घ्यावी, तीही थंड जागी कायम ठेवण्याची सोय झाल्यावर. दुर्बिणीसोबत एक वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी. तीत तारीख, वेळ, ढगांचा प्रकार, हवेचे स्थैर्य आणि जे दिसले ते लिहावे, आणि आकाश उघडलेच नाही त्या रात्रीही तारीख घालून तेवढेच नोंदवावे.