चार जण, एक दिवस, ६२ पक्षी

पहाटे साडेचारला निघालेले, आत्ता घरी पोचलेय. पाय पार गळून गेलेत, पण डोळ्यांसमोरून पाखरं हलत नाहीयेत.

आज आमच्या चौघांच्या टीमने पक्षी-स्पर्धेत भाग घेतला. दिवसभरात दिसतील किंवा ऐकू येतील तेवढ्या जाती मोजायच्या. प्रत्येक जातीमागे लोकांनी कबूल केलेली रक्कम पाणथळ जागा वाचवायच्या कामाला जाणार.

पहिली नोंद मिट्ट अंधारात, गव्हाणी घुबडाच्या चिरक्या ओरडण्याची. सगळ्यात जास्त रमले ते चिखलाच्या काठावर. एक इवलासा तुतवार, पांढरंशुभ्र पोट, दर दोन पावलांनी शेपूट वरखाली करत किडे टिपत होता. हा जीव हजारो किलोमीटर उडतो. वाटेत उतरायला त्याला असाच चिखल लागतो, आणि आपण तो 'पडीक' म्हणून भराव टाकून बुजवतो. फार जिवाला लागतं हे.

दुपारी एका वटवट्यावर अडलो. पानाआड दोन सेकंद दिसला. दोघांची खात्री, दोघांची नाही. सोडून दिला. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या नोंदी अभ्यासक वापरतात, यादी खरीच हवी.

१९०० च्या नाताळात अमेरिकन पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी शिकारीऐवजी पक्षी मोजायची हाक दिली, तेव्हा उत्तर अमेरिकेत २७ जण बाहेर पडले होते. ती गणना अजून चालू आहे. आज त्यांची खूप आठवण आली.

६२वा खंड्या. उजेड जाता जाता आमच्या सगळ्यात लहान भिडूने दाखवला, काहीही न बोलता, नुसतं माझं मनगट घट्ट धरून.